बांगडीची निशाणी

मैत्रिणींनो, दिवाळीच्या साफसफाईत नको असलेल्या वस्तू जितक्या बाहेर पडतात, तितक्याच विसरलेल्या गोष्टीही बाहेर पडतात. यंदा माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली काढली. आत जुन्या पावत्या, एक फाटका पंचांग आणि घडी घालून पिवळा पडलेला १९३४ सालचा एक मोडी कागद. कागदाच्या तळाशी नावांची रांग होती. पुरुषांच्या नावापुढे सह्या आणि सर्वांत शेवटी एका नावापुढे नुसतं एक वेडंवाकडं वर्तुळ.

"हे काय हो, आई?" मी सासूबाईंना विचारलं.

"ती तुझ्या थोरल्या चुलत आजेसासूबाईंची सही. बांगडी आहे ती. पूर्वी लिहिता येत नसलं की कुणब्याने नांगर काढायचा, शेट्याने तराजू आणि बाईमाणसाने बांगडी."

मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांकडून कागद वाचून घेतला. नवऱ्याच्या पश्चात जमिनीवर आपला काही हक्क नाही, घरातल्यांनी वर्षाला ठरलेलं धान्य आणि चोळीबांगडी द्यावी, असं त्या माउलीने लिहून दिलं होतं. लिहून 'दिलं' होतं की लिहून 'घेतलं' होतं, हे कागद सांगत नाही. त्या बालविधवा होत्या. हातात बांगडी नव्हती, कागदावर मात्र होती.

हा कागद डोक्यात घोळत असतानाच आमच्या केंद्रात एक मावशी आल्या. कऱ्हाडात आम्ही काही जणी दर बुधवारी महिलांसाठी सल्ला केंद्र चालवतो. मावशी जवळच्याच एका गावच्या. वय पंचावन्नच्या आसपास. लग्नानंतर चार वर्षांत नवऱ्याने सोडलं, तेव्हापासून माहेरीच आहेत. गोठ्याला लागून असलेल्या खोलीत राहतात. भावांच्या शेतात भांगलण, जनावरांचं शेण-पाणी, भावांच्या पोरांचं न्हाऊ-माखू, सगळं त्यांनी केलं. आता रस्त्याला लागून असलेली जमीन विकायचं भाचे म्हणत होते. वडील वारले तेव्हा सातबारावर भावांची नावं कब्जेदार म्हणून लागली आणि मावशींचं नाव 'इतर हक्क' या रकान्यात. त्यामुळे मावशींची सही लागणार होती. हक्कसोडपत्राचा मसुदा तयार होता.

"मग सही करायची नाही म्हणा," आमच्यातली एक तरुण कार्यकर्ती चटकन म्हणाली.

मावशी म्हणाल्या, "तसं न्हाई ओ ताई. गावातली चार मानसं बसायची हायती ऐतवारी, देवळात. बेलभंडार उचलून सांग म्हनत्यात, मला काय बी नको म्हनून. द्येवाम्होरं बोललं की मग कागदाचं काय, त्यो हुतोयच. आन् न्हाई म्हनलं तर म्हायार तुटतंय."

कायद्याची कलमं आम्हाला पाठ होती. पण देवळातल्या बैठकीला कुठलं कलम लावायचं? आम्ही सगळ्याच गप्प झालो.

त्या रात्री मला माझं बी.ए.चं इतिहासाचं जुनं वाचन आठवलं. देवासमोर बसून जमिनीचा निवाडा करणं ही आपल्या भागातली फार जुनी रीत आहे. पूर्वी पाटीलकी, देशमुखी, कुळकर्णी अशा वतनांचे तंटे गोतसभेत चालत. गोत म्हणजे नुसते भाऊबंद नव्हेत. गावचा पाटील, कुळकर्णी, बलुतेदार, शेटे-महाजन, परगण्याचे देशमुख-देशपांडे असे सगळे त्यात बसत. वादी-प्रतिवादी आधीच लिहून देत, की सभा जो निर्णय देईल तो आम्हाला राजी. साक्षीदाराला देवाची आणि नदीची शपथ घालत. खोटं बोललास तर तुझे बेचाळीस पूर्वज नरकात जातील, असं बजावत. निकालाचा कागद म्हणजे महजर. त्यावर सगळ्यांच्या सह्या-निशाण्या पडत.

साक्षी-पुराव्याने उलगडा झाला नाही, तर दिव्य. उकळत्या तेला-तुपात टाकलेला धातूचा तुकडा, म्हणजे रवा, हाताने बाहेर काढायचा. मग हाताला पिशवी बांधून मोहोर करायची आणि तिसऱ्या दिवशी ती उघडायची. हात भाजलेला नसेल तर तो खरा. आपण आज सहज म्हणतो ना, 'हे दिव्य कोण करणार?' तो शब्द तिथला आहे.

आपल्या कऱ्हाडजवळच्या मसूरची एक गोष्ट तर फार बोलकी आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मसूरच्या पाटीलकीवरून नरसोजी जगदाळे आणि बापाजी मुसलमान यांचा वाद झाला. कऱ्हाडच्या सभेने निकाल नरसोजींच्या बाजूने दिला. बापाजीने विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाकडे तक्रार केली, की सभा हिंदूंची, मला तिथे न्याय मिळाला नाही. आता बादशहा मुसलमान, फिर्यादीही मुसलमान. पण बादशहाने निकाल फिरवला नाही. त्याने वाद पैठणच्या सभेकडे पाठवला. पैठण तेव्हा त्याच्या राज्यातही नव्हतं, ते निजामशाहीत होतं. पण पैठणच्या धर्मसभेचा शब्द सरहद्दीच्या अलीकडे-पलीकडे सगळीकडे मानला जायचा. पैठणनेही कऱ्हाडचाच निकाल कायम केला आणि बापाजी हरला.

ही गोष्ट वाचताना पूर्वी मला फार अभिमान वाटायचा. त्या रात्री मात्र वेगळाच प्रश्न पडला. या सगळ्यात बाई कुठे होती?

ती अगदीच नव्हती असं नाही. जिजाबाई, ताराबाई यांची नावं आपण घेतोच. मिरजेला समर्थ रामदासांच्या शिष्या वेणास्वामींचा मठ आहे. बालविधवा असलेल्या वेणाबाईंकडे समर्थांनी मठाची जबाबदारी सोपवली. समर्थांच्या पश्चात चाफळ आणि सज्जनगडचा कारभार पाहणाऱ्यांत कऱ्हाडकडच्या अक्कास्वामी होत्या. म्हणजे देवाच्या दारात, मठाच्या किल्ल्या बाईच्या हातात असू शकत होत्या. घरात मात्र नाही.

शास्त्रही वाटतं तितकं कोरडं नव्हतं. पैठणहून काशीला जाऊन राहिलेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात 'व्यवहारमयूख' लिहिला. आपल्या पश्चिम भागात हा ग्रंथ फार मानला गेला. त्यात बहिणीलाही वारसांमध्ये जागा दिलेली आहे. विभक्त कुटुंबातल्या विधवेला नवऱ्याने आधी परवानगी दिलेली नसली, तरी महाराष्ट्रात दत्तक घेता येई. बंगालमध्ये तसं चालत नसे. भाऊ नसलेल्या मुलीला वडिलांची विभक्त मिळकत मुंबई इलाख्यात पूर्ण मालकीने मिळे, इतर बहुतेक प्रांतांत ती फक्त तहहयात उपभोगापुरती.

इंग्रजी अमदानीत दिव्यं बंद झाली, पण धर्मशास्त्राचा कौल लगेच बंद झाला नाही. कोर्टात साहेब न्यायाधीश बसे आणि त्याच्या बाजूला नेमलेले शास्त्री. विधवेला वाटा मिळतो का, दत्तक खरा का, असा प्रश्न साहेब विचारी आणि शास्त्रीबुवा ग्रंथाचा आधार देऊन 'व्यवस्था' लिहून देत. १८६४ मध्ये ही पदं रद्द झाली. पुढे वेस्ट आणि ब्यूलर या दोघांनी मुंबई इलाख्यातल्या कोर्टांमधल्या अशा व्यवस्था गोळा करून ग्रंथ तयार केला. त्याचा पहिला भाग १८६७ मध्ये छापला गेला. त्यातल्या प्रश्नांत विधवा, मुली, सुना, बहिणी जागोजागी भेटतात. प्रश्न तिच्याबद्दल, उत्तर शास्त्र्यांचं, निकाल साहेबाचा. तिला स्वतःला काय हवं, हे विचारायला रकानाच नाही!

माझी लेक सध्या इतिहास घेऊन बी.ए. करते आहे. जेवताना मी हे सगळं बोलत होते, तर ती म्हणाली, "आई, हे फक्त आपल्याकडचं नाही. तू क्रुसेडमधल्या राणी इसाबेलाचं वाचलंस का?" आणि तिने पुस्तकच पुढ्यात ठेवलं.

क्रुसेड म्हणजे युरोपातल्या ख्रिस्ती लोकांनी जेरुसलेमसाठी केलेली धर्मयुद्धं. १०९९ मध्ये त्यांनी जेरुसलेम घेतलं आणि तिथे राज्य थाटलं. त्या राज्यात जमिनीचे तंटे सरदारांच्या दरबारात चालत, पण लग्न खरं की खोटं हे ठरवायचं चर्चने. मुलगा नसेल तर जहागीर मुलीकडे जाई. ऐकायला किती छान! पण लढाईला माणूस हवा, म्हणून जहागिरीच्या वारस मुलीने लग्न केलंच पाहिजे, असा नियम. राजा तीन सरदारांची नावं पुढे करणार, त्यातून तिने एक निवडायचा. जहागीर तिची, पण ती ज्याच्या हातात पडायची तो नवरा दुसऱ्यांनी आणलेला.

इसाबेला ही राजाची मुलगी. अकराव्या वर्षी, ११८३ मध्ये तिचं लग्न हम्फ्री नावाच्या तरुण सरदाराशी लागलं. पुढे ११८७ मध्ये सलादिनने जेरुसलेम जिंकून घेतलं. ११९० मध्ये एकर शहराला वेढा घालून बसलेल्या ख्रिस्ती छावणीत साथ आली आणि त्यात इसाबेलाची सावत्र बहीण, म्हणजे राणी, तिच्या दोन्ही मुलींसह वारली. आता राज्याची वारस इसाबेला. पण सरदारांना तिचा मवाळ नवरा राजा म्हणून नको होता. त्यांना लढवय्या कॉनरॅड हवा होता. मग काय करायचं? तिचं लग्नच रद्द करायचं! कारण काय, तर लग्नाच्या वेळी ती लहान होती, तिची संमती नव्हती.

इसाबेला तेव्हा अठरा वर्षांची होती. तिला हम्फ्रीलाच धरून राहायचं होतं. तिच्या आईनेच तिचं मन वळवलं. कँटरबरीच्या आर्चबिशपांनी या प्रकाराला विरोध केला, पण ते त्याच दिवसांत छावणीत वारले. पिसाचे आर्चबिशप पोपचे प्रतिनिधी होते. त्यांनी लग्न रद्द ठरवायला मान्यता दिली आणि २४ नोव्हेंबर ११९० रोजी कॉनरॅडशी तिचं लग्न लागलंसुद्धा. दीड वर्षात कॉनरॅडचा खून झाला. इसाबेला गरोदर होती. आठवड्याभरात तिचं तिसरं लग्न लावलं. तो नवरा ११९७ मध्ये खिडकीतून पडून गेला, मग चौथं. १२०५ मध्ये ती वारली तेव्हा जेमतेम तेहतीस वर्षांची होती.

लहानपणी तुझी संमती घेतली नव्हती म्हणून ते लग्न रद्द करतो, असं म्हणणाऱ्यांनी मोठेपणीही तिची संमती विचारली नाही. मला राहून राहून आमच्या ट्रंकेतला कागद आठवत होता. जिच्यामुळे जमीन एका हातातून दुसऱ्या हातात जाते, तिचं मन तेवढं कुणी विचारत नाही. निशाणी मात्र तिची लागते, मग ती एकरच्या छावणीतली राणी असो की कऱ्हाडची विधवा.

आपल्याकडे हळूहळू का होईना, कायदा बदलला. विधवेला पतीच्या हिश्शावर तहहयात हक्क देणारा कायदा १९३७ साली आला. आमच्या त्या आजेसासूबाईंच्या कागदानंतर अवघ्या तीन वर्षांनी! १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बाईला मिळालेली मिळकत पूर्ण मालकीची झाली आणि वडिलांच्या हिश्शात मुलीला मुलाइतका वाटा मिळाला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये एक पाऊल पुढे टाकून, तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर तो सर्व मुलींना मिळाला, लग्न झालेलं असो वा नसो. वडील २००५ च्या आधी वारले असतील तर काय, हा घोळ सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात मिटवला. वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही, असं न्यायालयाने सांगितलं. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकमाने झालेल्या वाटण्या मोडत नाहीत.

कामाच्या चार गोष्टीही इथेच सांगते, कारण केंद्रात याच सगळ्यात जास्त विचारल्या जातात. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. नुसत्या स्टॅम्पपेपरवर सह्या घेऊन चालत नाही. पण एकदा का नोंदवलं, की ते रद्द करायला दिवाणी कोर्टात जाऊन फसवणूक किंवा दडपण सिद्ध करावं लागतं आणि ते सोपं नाही. म्हणून न वाचता अंगठा देऊ नका. 'रेशनकार्डाचं काम आहे', 'कर्जाचं काम आहे' असं सांगून सह्या घेतल्याची उदाहरणं आमच्या वहीत कमी नाहीत. फेरफाराची नोटीस आली तर पंधरा दिवसांत लेखी हरकत घेता येते. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

हे सगळं आम्ही मावशींना समजावलं. त्या मान डोलवत होत्या, पण त्यांचं मन रविवारच्या बेलभंडारात अडकलेलं. शेवटी मी म्हटलं, "मावशी, कायदा राहू द्या बाजूला. तुम्हाला काय हवंय?"

त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मला असं कुनी आजवर इचारलंच न्हाई."

रविवारी आम्ही दोघी जणी त्यांच्याबरोबर गेलो. खरं सांगते, मी मनातून घाबरले होते. देवळाच्या मंडपात दहा-बारा पुरुष, एका कडेला भाऊ आणि भाचे. बायका बाहेर पायरीशी. बोलणं फार गोडीत चाललं होतं. "आक्काला आम्ही अंतर दिलं नाही, देणार नाही," थोरला भाऊ म्हणाला. ते काही अगदी खोटं नव्हतं. तीस वर्षं त्यांनी बहिणीला घरात ठेवलं होतं. ताटात बेल आणि भंडारा पुढे आला. एक वडीलधारे म्हणाले, "उचल बाई, आणि सांग देवाला, मला जमिनीतलं काही नको."

मावशींनी हात पुढे केला. बेलभंडार उचलला. माझ्या पोटात गोळा आला.

"द्येवाम्होरं खोटं कसं बोलू, दादा?" त्या म्हणाल्या. "मला नको असं म्हनलं तर ती खोटी आन हुईल. मला पायजे. आर्धा एकर पायजे. हितं हाय तवर माझ्या नावानं, माझ्या मागं तुमच्याच पोरांचं."

मंडपात कुणी काही बोललं नाही. बहिणीला खोटं बोल असं देवळात कोण म्हणणार? ज्या शपथेने तिला बांधायचं ठरलं होतं, तिच्याच जोरावर ती मोकळी झाली. इतक्यात पायरीशी बसलेली थोरली भावजय उठून आत आली आणि म्हणाली, "माझी दोन बाळंतपणं वन्संनी काढली. आर्ध्या एकराला काय झालं?" बाईने मंडपात येऊन बोलायची तिथे रीत नव्हती. पण त्या दिवशी तिला कुणी अडवलं नाही.

पुढचं सगळं कोर्टाशिवाय झालं, पण लगेच झालं नाही. तलाठ्याकडे, तहसीलला सात-आठ महिने हेलपाटे घातले. धाकट्या भावाने दोनदा तारखेला यायचं टाळलं. अखेर तहसीलदारांसमोर संमतीने वाटप झालं आणि अर्धा एकर मावशींच्या नावावर लागला. कागदावर सही करायच्या वेळी लिपिकाने शाईचा पॅड पुढे सरकवला. मावशींनी तो परत सरकवला आणि पेन मागितलं. आमच्या केंद्रातल्या पोरीने त्यांना तेवढं एक नाव लिहायला शिकवलं होतं. चार अक्षरं लिहायला दोन मिनिटं लागली. मागची रांग थांबली.

राखीपौर्णिमेला थोरला भाऊ सहकुटुंब मावशींच्या खोलीवर आला. धाकटा आला नाही. तो अजून बोलत नाही. मावशींनी त्याची राखी देव्हाऱ्यात ठेवली आहे. "येईल कवातरी," म्हणतात आणि डोळे पुसतात. हक्क मागितल्याची किंमत असतेच, ती नसते असं मी कुणाला सांगत नाही. पण न मागितल्याचीही किंमत असते. ती आमच्या आजेसासूबाईंनी आयुष्यभर मोजली आणि कुणी हिशेबसुद्धा ठेवला नाही.

तो १९३४ चा कागद मी पुन्हा ट्रंकेत ठेवला नाही. फ्रेम करून बैठकीत लावला आहे. येणारे-जाणारे विचारतात, "हे वर्तुळ कसलं?" मग मी बसवून सांगते. मैत्रिणींनो, तुमच्याही माळ्यावर असा एखादा कागद असेल. या दिवाळीत शोधा. आणि घरात जमिनीचा कुठलाही कागद होणार असेल, तर सही मागण्याआधी घरातल्या बहिणीला, भावजयीला, आत्याला एकदा मनापासून विचारा, "तुला काय हवंय?"

उत्तर यायला वेळ लागेल. थांबा. त्यांना हे पहिल्यांदाच कुणीतरी विचारत असेल.